हवेवर बसवलेली फरशी

४ जून
ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून. रोज सकाळी डोळ्यांतलं धुकं किती वाजता विरतं ते टिपून ठेवायचं, एका ओळीत. मी म्हटलं, बाई, आयुष्यभर फरश्या बसवल्यात, एकदा सुरुवात केली की भिंत येईपर्यंत थांबता येत नाही. त्या म्हणाल्या, मग भिंतीपर्यंत लिहा, पण वेळ लिहा.

वेळ: साडेदहापर्यंत दूध, बारापर्यंत पाणी घातलेलं दूध, जेवणानंतर स्वच्छ. म्हणून लिखाण संध्याकाळी.

आज माझ्या डोळ्याचा फोटो काढला. साधासुधा नव्हे, सूक्ष्मदर्शकातून. यंत्रावर एक मुलगी बसते. तिला तीनच वाक्यं येतात: हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, पापणी लववू नका. मी तिचं नाव हनुवटीबाई ठेवलं. मग डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा करून अगदी नाकासमोरच्या पडद्यावर दाखवला आणि मी खुर्चीतून उठलोच. फरशी! सहा कोनी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. डोळ्याच्या पुढच्या काचेला आतल्या अंगानं घातलेली फरशी. आणि काय भयंकर काम! कुठे काळे खड्डे, कुठे एक फरशी दुसरीच्या दुप्पट, सांध्यांचा पत्ता नाही.

"हे कुणी बसवलंय?" मी विचारलं.

"जन्मतःच असतं," बाई म्हणाल्या. "या पेशी काचेत झिरपलेलं पाणी सतत बाहेर उपसतात. तुमच्या पेशी मरत चालल्यात. झोपेत डोळे मिटलेले असतात, पाणी सुकत नाही, काच फुगते, म्हणून सकाळी धुकं. दिवसभर डोळे उघडे राहिले की थोडं सुकतं."

"मग नव्या टाका."

"नव्या येत नाहीत. शेजारच्याच पसरतात आणि खड्डा झाकतात."

फरशी पसरते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. सगळ्याच पसरायला लागल्या तर माझा धंदा बसेल.

घरी काही बोललो नाही. बोलणारही नाही. लेक केस कापायचं स्वतःचं दुकान काढतेय. तिथली फरशी मी बसवणार, हा शब्द ती लहानपणी स्टुलावर उभी राहून माझे केस कापायची तेव्हाचा आहे. (तेव्हा मला केस होते. तिनं कापले ते परत आलेच नाहीत.) धुक्याचं कळलं तर ते काम मेहुण्याकडे जाईल. मेहुणा माझा भागीदार. माणूस चांगला, पण कोपऱ्यात माती खातो. कोपऱ्यातली फरशी मी एकसंध कापून बसवतो. हा दोन तुकडे जोडतो आणि मधे तिरकी सांध ठेवतो. म्हणून मी त्याला तिरपागडे म्हणतो. माझ्या लेकीच्या दुकानात तिरकी सांध? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

७ जून
वेळ: दहा चाळीस.

मिठाच्या पाण्याचे थेंब दिलेत. हिला, म्हणजे बायकोला, सांगितलं की कानाचे आहेत. ही "बरं" म्हणाली. एवढंच. आता रोज सकाळी बाटली उशाशी असते आणि शेजारी धुतलेला रुमाल. कानाला रुमाल कशाला, हा प्रश्न हिला पडत नाही. बायको भोळी असली की संसार सोपा जातो.

९ जून
दुसरा उपाय ऐकून कपाळाला हात लावला. केस वाळवायचं यंत्र! सकाळी ते हातभर लांब धरायचं आणि डोळ्यांवर वारा घ्यायचा, म्हणजे काच लवकर सुकते. लेकीच्या सामानातून एक उचललं. वायर तपासायचीय असं सांगितलं.

आज सकाळी न्हाणीघरात शिरलो, दार लोटलं, यंत्र सुरू केलं. तेवढ्यात मेहुणा उगवला आणि थेट आत. त्याला काय दिसलं असेल ते दिसलं: एक टकलू माणूस आरशासमोर केस वाळवतोय.

"भाऊजी," तो म्हणाला, "काही उगवलं का?"

मी म्हटलं, मुळं ओली राहिली की सर्दी होते. तो म्हणाला, "हो, ते खरंय," आणि दार हळूच ओढून निघून गेला. डोक्यानं जरा मंदच आहे. एका परीनं ते बरंच.

वेळ: सव्वादहा. यंत्र चालतं म्हणायचं.

१३ जून
लेकीनं फरशी निवडली ती नेमकी सहा कोनी. पांढरी, तळहाताएवढी. जगातले चौकोन संपले होते का? पण ती एवढी खूश होती की मी मुकाट्यानं पिशव्या उतरवून घेतल्या.

सातलाच कामाला लागलो. सगळे मला दुपारी ये म्हणतात. मेहुणा म्हणतो, दुपारी सिमेंटचा माल चांगला धरतो. लेक म्हणते, सकाळी चावी मिळत नाही. ही म्हणते, सकाळी तुमच्याशिवाय मला चहा जात नाही. इतकी वर्षं कसा गेला? घरात कामचुकारपणाची साथ आलीय, दुसरं काय. दुपारी तिथे रंगारी असतो, आणि त्याच्या शिडीखाली बसून डोक्यावर रंग घ्यायची माझी तयारी नाही. बाकीच्यांच्या डोक्यावर निदान केस असतात.

बोटांनी बसवली. सांध बोटाला कळते, उंचसखल तळव्याला कळतं आणि बाकीचं कानाला. बसलेल्या फरशीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं. खाली हवा राहिली असेल तर ती पोकळ वाजते. आमच्या धंद्यात मोठं पाप एकच, फरशीखाली हवा ठेवणं. माझी एकही पोकळ वाजली नाही. तसा मेहुणा शेजारीच शीळ घालत होता, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही, पण वाजली नाही.

१७ जून
वेळ: अकरा. काल पावणेअकरा होती. लिहायचं म्हणून लिहितोय.

मेहुण्याच्या नखांत ताजं सिमेंट. संध्याकाळी कुठलंसं दुसरं काम धरलंय. कुठलं, ते सांगत नाही. "किरकोळ दुरुस्ती आहे भाऊजी. जुनं काढून नवं." भागीदारीत असली लपवाछपवी मला खपत नाही. माणसानं उघड असावं.

इकडे हिला वाचनाचं वेड लागलंय. सकाळी चहाबरोबर पेपर मोठ्यांदा वाचते, सिनेमाच्या जाहिरातींसकट. पांढरे कप जाऊन लालभडक आले. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटली. वय झालं की माणसाला रंगांची हौस येते असं दिसतं. मी तिला काही बोललो नाही, उगाच मन कशाला मोडा.

मी मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत मस्त धूळ फेकतोय.

२० जून
दवाखाना. सकाळचीच वेळ देतात, कारण फुगलेली काच त्यांना फुगलेलीच बघायची असते.

आज साध्या यंत्रावर फोटोच उमटेना. माझ्या धुक्यातून यंत्रालाही दिसेना म्हणजे बघा. मग दुसऱ्या यंत्रावर नेलं. तिथे डोळा बधिर करतात, वर थुलथुलीत जेल घालतात आणि यंत्राचं नाक थेट डोळ्याला टेकवतात. हनुवटीबाईला चौथं वाक्यही येतं असं कळलं: "घाबरलात का?" मी म्हटलं, मुळीच नाही. "मग माझा हात सोडा," ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर एक बाई असते. मागच्या दोन्ही वेळी होती. मला निळा ढग दिसतो तेवढाच. एक शब्द बोलत नाही, बहुधा मुकी असावी बिचारी. पण माझा नंबर पुकारला की कोपराला हात लावते आणि पायरी आली की बाही ओढते. साबणही आमच्याचसारखा वापरते. चांगली वस्तू लोकांना कळते. किती शांत, किती समजूतदार! घरी हिला सांगायला हवं की बायका अशाही असतात.

खड्डे वाढलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ऑपरेशन करावं. आधी उजवा डोळा. आतला खराब थर काढायचा आणि मरणानंतर डोळे दिलेल्या कुणाचा तरी चांगला थर त्या जागी लावायचा. मी म्हटलं, हे समजलं, जुनं काढून नवं. "चिकटवता कशानं?"

"चिकटवत नाही. खाली हवेचा बुडबुडा सोडतो. तो थराला वर दाबून धरतो. तुम्ही उताणं पडून छताकडे बघायचं. थोड्या दिवसांत थर आपोआप धरतो."

"म्हणजे खाली हवा ठेवणार?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मी उठलो. म्हटलं, बाई, तुमच्या शिक्षणाबद्दल मला आदर आहे, पण हे काम मी माझ्या शत्रूच्या मोरीतही करू देणार नाही. आणि ताडकन बाहेर पडलो. ते दार कपाटाचं निघालं. पण मी तोरा सोडला नाही.

२५ जून
दुकानात आरसे लागले. फरशी पुरी झाली, शेवटच्या ओळीचा माल ओला होता. साडेनऊच्या सुमाराला बघतो तर एक जाडजूड टकलू माणूस बुटांसकट थेट ओल्या फरशीवर! मी म्हटलं, "ओ साहेब, बाजूला व्हा." हलायला तयार नाही. मी बोट दाखवलं तर हा उलट माझ्याचकडे बोट दाखवतो! मी मूठ उगारली, त्यानंही उगारली. असला उद्धट माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. शेवटी लेकीनं येऊन मला दुसरीकडे वळवलं. "गेले ते, बाबा," म्हणाली.

आधी ती जोरात हसली. मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा आवाज बसलेला. सिमेंटची धूळ लागते असं म्हणाली. तोंडाला फडकं बांध म्हणून किती वेळा सांगितलंय.

वेळ: आज नीट विरलंच नाही.

२८ जून
पहाटे उठलो ते डोळ्यात खडा गेल्यासारखं. टोचणी अशी की उघडवेना. गुपचूप दवाखाना गाठला. फुगलेल्या काचेवर फोड आलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मला फोटो घेऊन दाखवायचीही गरज नाही, तुम्हीच ठरवा. उशीर केलात तर कामही अवघड होईल. घरचं कुणी आलंय का, सही लागेल.

मी म्हटलं, कुणी नाही, आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. निळा ढग होताच शेजारी. माणसाला कधी कधी परक्याशी बोलावंसं वाटतं. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला ऐकू येतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण सांगतो. मला भीती वाटते. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. एकदा कळलं की मला खुर्चीत बसवतील आणि पायावर पांघरूण घालतील. आणि माझ्या लेकीचा चेहरा मला सकाळी दिसत नाही हो. नुसता आवाज येतो."

ढग जवळ सरकला. मग म्हणाला, "आणि माझा?"

ही! आमची ही! निळा कोट घालून, चार वेळा माझ्या शेजारी बसलेली, तोंडातून अवाक्षर न काढता!

"तुला कधीपासून माहीत?"

"दाराला अडकवलेल्या माझ्या कोटाला तुम्ही चहा टाक म्हणालात ना, त्या दिवसापासून. दोनदा म्हणालात. दुसऱ्यांदा ओरडून."

"आणखी कुणाला माहितेय?"

"कुणाला नाही ते विचारा," ही म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो. तुमचा स्वभाव काय आम्हाला नवा आहे?"

मग मी बुडबुड्याचं सांगितलं. खाली हवा ठेवणार म्हणतात, मी कसा तयार होऊ? हिनं शांतपणे ऐकून घेतलं. "काम झालं की फरशीवर पाणसळ ठेवता ना तुम्ही?" म्हणाली. "त्या काचेच्या नळीत काय असतं?"

"बुडबुडा."

"आणि तो मधे आला की तुम्ही जगात कुणाचं ऐकत नाही. मग डोळ्यातल्यानंच काय घोडं मारलंय?"

दोघं आत गेलो आणि सह्या केल्या.

घरी येताना तिचा हात धरूनच चाललो. एक समाधान मात्र बोलून दाखवलं, की काही असो, दुकानाची फरशी डोळ्यांशिवायसुद्धा फक्कड झाली. तर हिला खोकल्याची अशी उबळ आली की दोन मिनिटं रस्त्यात थांबावं लागलं.

८ जुलै
मी दवाखान्यात उताणा आहे. मी सांगतोय आणि ही लिहितेय.

काल उजव्या डोळ्याचं काम झालं. मी जागाच होतो. नवा थर निळ्या रंगात बुडवून आत सोडला, तर तो गुंडाळी होऊन बसला. तो उलगडायला डॉक्टरीणबाईंनी काय करावं? काचेवर वरून हलकं हलकं टकटक केलं! तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला, माणूस आपल्याच धंद्यातला आहे म्हणून. "रबरी हातोडी घ्या," मी म्हटलं. "बोलू नका," त्या म्हणाल्या.

आता छताकडे बघायचं. जन्मभर खालीच बघितलं, छताकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. डाव्या डोळ्याला दुपारनंतर जेवढं दिसतं तेवढ्यावरून सांगतो, गिलावा करणाऱ्याला शरम नाही.

(लिहिता लिहिता मागची पानं वाचली. मुकी काय! भोळी काय! घरी चला, मग बोलते.)

१२ जुलै
बुडबुडा लहान झालाय आणि आज चमत्कार दिसला. त्याची कड मला आतून दिसते! नजरेच्या खालच्या बाजूला काळी आडवी रेघ. मान वाकडी केली की हलते, सरळ धरली की पुन्हा सरळ. डोळ्यात पाणसळ! बसल्या बसल्या सगळं घर तपासलं. कपाट तिरकं, खिडकी तिरकी, भिंतीवरची तसबीर तर विचारूच नका. मेहुण्याला बोलावून सगळं सरळ करून घेतलं. तो बिचारा पाचर ठोकत होता आणि मी "अजून वर, अजून वर" करत होतो. संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, मान तिरकी आहे तुमची." सगळं पुन्हा होतं तसं केलं. मेहुण्यानं सगळ्या पाचरी काढल्या. हल्ली तो माझं जरा जास्तच ऐकतो.

१७ जुलै
बुडबुडा विरला. थर जागेवर आहे. मला मात्र उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

२६ जुलै
हनुवटी, कपाळ, पापणी. पहिल्या फटक्यात फोटो उमटला. काय काम आहे! सहा कोन, सगळे सारखे, सांध्याला सांध लागलेली, एक खड्डा नाही. कुणाच्या डोळ्यातली ते बाई सांगत नाहीत, तसा नियम आहे म्हणे. कोण होतं कोण जाणे. बाई की बाप्या, म्हातारं की तरणं. जाता जाता एवढी सुंदर फरशी मागे ठेवून गेलं, आणि ती घातली कुठे, तर माझ्यासारख्या खाष्ट माणसाच्या डोळ्यात. मला एकदम भरून आलं. हनुवटीबाईनं रुमाल दिला. "हात धरायचा तर धरा," म्हणाली.

३ ऑगस्ट
आज दुकान उघडलं. धुळीमुळे इतके दिवस मला तिथे बंदी होती.

नऊला पोचलो. सकाळचे नऊ, आणि पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं! दारात उभा राहून फरशी बघितली. झकास. ओळ सुतात, पाणी ओतलं तर वाट चुकणार नाही. मी छाती पुढे काढली. तेवढ्यात कोपऱ्याकडे लक्ष गेलं.

तिरकी सांध.

दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. तिरकी सांध. तिसऱ्यात तीच. गुडघे टेकून सगळ्या जमिनीवर हात फिरवला. मी बसवलेलं काही उरलंच नव्हतं. नखांतलं सिमेंट आठवलं. किरकोळ दुरुस्ती आठवली. मी सकाळी बसवून जायचो आणि हा संध्याकाळी येऊन सगळं उखडून पुन्हा बसवायचा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी उभा राहून, पोकळ वाजलेलं मला ऐकू येऊ नये म्हणून शीळ घालायचा. मी त्याला मंद म्हटलं. लिहून ठेवलं.

मागे वळलो तर मेहुणा उभा. चेहरा पार उतरलेला.

"भाऊजी, ते काय झालं, मालानं धरलं नाही म्हणून जरा..."

"कोपरे बरे कापलेस," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. "कुठला?"

"सगळेच."

पठ्ठ्या ढसाढसा रडायला लागला. मग मीही लागलो. लेक कात्री घेऊन धावत आली. "मामा, बाबा, दोघंही मागच्या खोलीत जा. अजून एका गिऱ्हाइकाचा केस कापला नाही आणि दुकानात रडारड!" मागे जाताना तो उद्धट टकलू पुन्हा आडवा आला. डोळे लाल, नाक पुसतोय. या वेळी ओळख पटली. मी मान हलवली, त्यानंही हलवली. मिटवून टाकलं.

थोड्या वेळानं बाहेर येऊन दाराशी उभा राहिलो तर पायाखाली काहीतरी वाजलं. टक्. दारातली फरशी एका कोनात जरा वर आलेली. बोटानं ठोकली. पोकळ, आत हवाच हवा. हात कुणाचा ते विचारायला नको. मी मेहुण्याला म्हटलं, ही का ठेवलीस? हातोडी आण, आत्ता काढतो.

"हात नाही लावायचा," लेक तिकडून ओरडली. "मामा पण काढत होता, मीच काढू दिली नाही. केस कापताना माझी पाठ दाराकडे असते बाबा. कुणी आलं की ही वाजते, मग मला कळतं."

मी हातोडी ठेवली. ही निळा कोट घालून बाकावर बसली होती, पेपर मिटलेला, माझ्याकडे बघत. डोळ्यांच्या कोपऱ्यांत बारीक सुरकुत्या, हनुवटीवर चहाचा थेंब. किती दिवसांनी सकाळी दिसली. मी शेजारी जाऊन बसलो. तिला म्हटलं, राहू दे ती हवा. ही म्हणाली, "राहू द्या की."

दारात टक् वाजलं. लेक मागे न बघता म्हणाली, "या, बसा."

वेळ: उठल्यापासून स्वच्छ.